तेरची बाहुली आपल्या मोबाईलात कधी फिरणार?

पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा. विषय मोबाईलचा आहे आणि आपल्या जिल्ह्याच्या इतिहासाचाही आहे. दोन्हींचा संबंध काय, ते शेवटपर्यंत वाचलं की कळेल.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात तेर आहे. तेर म्हटलं की आपल्याला गोरोबाकाका आठवतात, आणि ते बरोबरच आहे. पण गोरोबाकाकांच्या आधी हजार-बाराशे वर्षं हेच तेर 'तगर' या नावानं परदेशात माहीत होतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या टिपणात, ज्याला 'पेरिप्लस' म्हणतात, त्यात तगरचं नाव आहे. इथून कापूस आणि मलमलीचा माल गाड्यांवर लादून भडोच बंदरात जायचा आणि तिथून जहाजानं पश्चिमेकडं. म्हणजे आपल्या तामलवाडीवरून आज ट्रकांची रांग जाते ना, तशी रांग दोन हजार वर्षांपूर्वी तेरमधून निघायची. फरक एवढाच की ती बैलगाड्यांची होती.

त्या काळातली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती तेरला सापडली. ती तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात आहे. तिची जणू बहीणच शोभावी अशी दुसरी हस्तिदंती मूर्ती १९३८ साली इटलीत पाँपेईच्या ढिगाऱ्यात सापडली. पाँपेई हे शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. म्हणजे ती मूर्ती त्याच्या आधीच भारतातून तिकडं पोचली होती. जगभरच्या पुस्तकांत पाँपेईच्या मूर्तीचा फोटो छापून येतो. तेरची मूर्ती मात्र आपल्याच जिल्ह्यातल्या किती पोरांनी बघितली असेल, हे ज्यानं त्यानं आपल्या घरात विचारून बघावं.

आता एक साधी गोष्ट. मूर्ती म्हणजे फोटो नव्हे. ती मागून बघावी लागते, खालून बघावी लागते. केसांची वेणी पाठीवर कशी सोडली आहे, दागिना कुठं संपतो, भोक कुठं पाडलंय, हे समोरच्या फोटोत कळत नाही. गोरोबाकाकांची गोष्ट आपल्याला माहीतच आहे. संतमंडळी जमली होती, तेव्हा काकांनी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर ठोकून बघितलं, कुणाचं मडकं पक्कं आणि कुणाचं कच्चं. कुंभार मडकं नुसतं बघून घेत नाही. हातात घेतो, फिरवतो, वाजवतो, मग सांगतो. वस्तू समजून घ्यायची ही जुनी आणि खरी रीत.

पण संग्रहालयातली दोन हजार वर्षांची वस्तू कुणाच्या हातात देणार? देताच येत नाही, आणि देऊ पण नये. मग हात न लावता वस्तू हातात घेता येईल का? हा प्रश्न जगात बऱ्याच लोकांनी सोडवत आणलाय. त्याची हकीकत ऐका.

छताला टांगलेलं यंत्र

१९६८ साली अमेरिकेत आयव्हन सदरलँड नावाच्या प्राध्यापकानं डोक्यावर घालायचं एक यंत्र केलं. ते इतकं जड होतं की छताला टांगावं लागायचं. डोळ्यांसमोर दोन छोटे पडदे, आणि त्यात काय दिसायचं, तर नुसत्या रेघांचा एक ठोकळा. पण गंमत अशी की माणसानं मान वळवली की ठोकळ्याची दुसरी बाजू दिसायची. ठोकळा खोलीत खरोखर ठेवलाय असं वाटायचं. सगळी गोष्ट इथून सुरू झाली.

पुढं १९९२ च्या सुमारास बोइंग या विमानाच्या कंपनीत टॉम कॉडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यानं एक अडचण सोडवायला घेतली. विमानात वायरींचे भलेमोठे जुडगे असतात. कुठली वायर कुठून न्यायची हे कामगारांना फळ्यावर आखून द्यावं लागे. त्यांनी म्हटलं, कामगाराच्या डोळ्यांसमोरच रेघ दाखवली तर? या प्रकाराला त्यांनी नाव दिलं 'ऑगमेंटेड रिअॅलिटी'. मराठीत कुणी 'संवर्धित वास्तव' म्हणतं. आपण सोपं म्हणू, समोर जे खरं दिसतंय त्याच्यावर न असलेली वस्तू ठेवून दाखवणं.

म्हणजे बघा, ही विद्या खेळासाठी जन्मली नाही. कामगाराचं काम सोपं व्हावं म्हणून तिला नाव मिळालं.

काळा-पांढरा चौकोन

१९९४ साली जपानमध्ये डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा यांनी क्यूआर कोड तयार केला, गाडीच्या सुट्या भागांचा हिशोब ठेवायला. आज तोच चौकोन आपल्या चहाच्या टपरीवर चिकटवलेला आहे.

त्यानंतर पाच वर्षांनी, १९९९ मध्ये, हिरोकाझू कातो आणि मार्क बिलिंगहर्स्ट यांनी 'एआरटूलकिट' नावाचं सॉफ्टवेअर पुढं आणलं. त्यातही काळा चौकोनच होता, पण काम वेगळं. कागदावर काळ्या चौकटीचं चिन्ह छापायचं. कॅमेऱ्यानं त्याच्याकडं बघायचं. चौकोन सरळ समोर धरला तर चौकोन दिसतो, तिरका धरला तर त्याच्या बाजू लहानमोठ्या दिसतात. त्या तिरकेपणावरून यंत्र हिशोब करतं की कॅमेरा किती लांब आहे आणि कुठल्या कोनात आहे. मग त्याच हिशोबानं कागदावर वस्तू काढून दाखवतं. कागद फिरवला की वस्तू फिरते. गवंडी ओळंबा लावून भिंत पारखतो, तसंच हे, फक्त सेकंदात अनेक वेळा.

हे सॉफ्टवेअर पुढं खुलं केलं गेलं. जगभरच्या विद्यार्थ्यांनी ते घेतलं, म्हणून ही विद्या कारखान्यातून शाळा-कॉलेजात आली. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

बटणांच्या फोनवरचा प्रयोग

आता मोबाईलकडं येऊ. स्मार्टफोन घरोघर यायच्या कितीतरी आधी, २००५ साली, स्वीडनचे अँडर्स हेन्रिसन यांनी बिलिंगहर्स्ट यांच्यासोबत बटणांच्या नोकियावर प्रयोग केले. एक होता टेनिसचा खेळ. दोघं समोरासमोर बसायचे, मधे टेबलावर चिन्हांचा कागद, फोनच्या पडद्यावर टेनिसचं मैदान, आणि फोन हीच बॅट.

दुसरा प्रयोग आपल्या कामाचा. पडद्यावर एक वस्तू दाखवायची आणि ती हलवायची, फिरवायची. कशी? एक रीत अशी की वस्तू फोनला जणू चिकटते, फोन हलवला की वस्तू हलते. दुसरी रीत बटणं दाबून. त्यांना असं दिसलं की वस्तूची जागा बदलायची असेल तर फोन हलवणं सोपं पडतं, पण वस्तू गोल फिरवायची असेल तर हात वळवून मनगट अवघडतं, पडदा नजरेआड जातो, तिथं बटणंच बरी.

छोटी चाचणी होती, पण शहाणपण मोठं आहे. यंत्र कितीही भारी असो, माणसाचं मनगट किती वळतं हे बघूनच ते करावं लागतं. आज आपण पडद्यावर बोट फिरवून वस्तू गरकन फिरवतो, त्याच्या मागं असे साधे साधे प्रयोग आहेत.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. जुलै २०१६ मध्ये पोकेमॉन गो आला आणि परदेशात लोक मोबाईल घेऊन रस्त्यावर फिरायला लागले. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला आपल्याकडं जिओ सुरू झालं आणि गावागावांत डेटा पोचला. २०१७ मध्ये अॅपल आणि गुगलनं आपापल्या फोनसाठी या विद्येची साधनं आणली. आता छापील चिन्हाची पण गरज उरली नाही. फोन कॅमेऱ्यातून जमिनीवरचे ठिपके ओळखतो, आतली यंत्रं फोन किती हलला ते सांगतात, आणि वस्तू जमिनीवर उभी राहते.

शेजारच्या तालुक्यातली गोष्ट

हे सगळं परदेशातलं झालं. आपल्याकडं काय झालं?

सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात परितेवाडी नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत २००९ साली रणजितसिंह डिसले गुरुजी रुजू झाले. शाळेची अवस्था काय होती, ते त्यांनी जगाला सांगितलंय, शेजारी गोठा आणि अडगळ. त्यांनी पुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड चिकटवायला सुरुवात केली. कोड स्कॅन केला की कविता ऐकू येते, धड्याचा व्हिडिओ दिसतो. २०१७ मध्ये राज्य सरकारनं सगळ्या इयत्तांच्या पुस्तकांत असे कोड आणायचं जाहीर केलं. त्याच वर्षी केंद्राचं 'दीक्षा' हे व्यासपीठ सुरू झालं. २०१८ मध्ये एनसीईआरटीच्या पुस्तकांसाठीही तशीच घोषणा झाली. आणि ३ डिसेंबर २०२० ला डिसले गुरुजींना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांत वाटली.

जपानमध्ये मोटारीच्या सुट्या भागांसाठी काढलेला चौकोन माढा तालुक्यातल्या एका वाडीत पुस्तकाच्या पानावर आला आणि तिथून देशभर गेला. वाडीत राहून काय होतंय, असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आता लॉकडाऊन आठवा. मार्च २०२० नंतर शाळा बंद. गुगलवर वाघ शोधला की वाघ घरात उभा राहायचा. घरोघर पोरांनी चुलीजवळ वाघ, ओसरीत सिंह, असे फोटो काढले आणि स्टेटसला ठेवले. पंधरा दिवस मजा झाली आणि वाघ विसरला. पुस्तकातला क्यूआर कोड मात्र राहिला.

असं का झालं? वाघ कुठल्या धड्याला बांधलेला नव्हता. त्याच्याबद्दल विचारणारं, सांगणारं कुणी नव्हतं. कोडच्या मागं धडा होता, धड्याच्या मागं गुरुजी होते. करमणूक येते आणि जाते. टिकतं ते, ज्याच्यामागं शिकवणारा माणूस असतो.

जी वस्तू मोजली नाही, ती गेली की गेलीच

या गोष्टीची दुसरी बाजू जास्त गंभीर आहे.

१८५८ साली जर्मनीत आल्ब्रेख्ट मायडेनबाऊर नावाचा तरुण वेट्झलार गावच्या मोठ्या चर्चची मापं घेत होता. उंचावरून पडता पडता वाचला. तेव्हा त्याच्या डोक्यात आलं, इमारतीवर चढून मापं घेण्यापेक्षा वेगवेगळ्या बाजूंनी फोटो काढून त्यावरून मापं काढली तर? त्यातून फोटोवरून मोजमाप करायचं शास्त्र उभं राहिलं. आज हेच काम मोबाईलनं होतं. वस्तूच्या भोवतीनं फिरत पन्नास-शंभर फोटो काढायचे, सॉफ्टवेअर ते जुळवून वस्तूचं सगळ्या बाजूंनी फिरणारं रूप तयार करतं.

त्याचा उपयोग काय? पॅरिसचं नोत्र दाम चर्च १५ एप्रिल २०१९ ला पेटलं. अँड्र्यू टॅलन नावाच्या प्राध्यापकानं त्याच्या काही वर्षं आधी लेझरनं ते सगळं मोजून ठेवलं होतं. टॅलन आगीच्या आधीच वारले, पण त्यांची मापं दुरुस्तीला कामी आली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये चर्च परत उघडलं. उलट ब्राझीलचं राष्ट्रीय संग्रहालय २ सप्टेंबर २०१८ च्या रात्री जळालं. ज्या थोड्या वस्तूंचं स्कॅन झालं होतं, त्यांच्या प्रतिकृती तरी करता आल्या. बाकीच्यांची राख.

लांब कशाला जायचं? ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्या जिल्ह्यानं आणि लातूरनं भोगली आहे. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं. माळवदाची घरं माणसांवर कोसळली, हजारो माणसं गेली. माणसांपुढं वस्तूंचं दुःख नाही, हे कबूल. पण त्या गावांसोबत जुने वाडे, नक्षीच्या चौकटी, देवळांतले दगड, पिढ्यान्‌पिढ्यांची भांडीकुंडीही मातीत गेली. नवी गावं दुसरीकडं वसली. जुनं गाव कसं होतं, हे आज तिशीतल्या पोराला आजीच्या तोंडूनच कळतं, कारण कुणी मोजून ठेवलं नव्हतं. तेव्हा साधन नव्हतं. आज प्रत्येकाच्या खिशात आहे.

मग आपण काय मागायचं?

तेरचं संग्रहालय मुळात एका माणसाच्या ध्यासातून उभं राहिलं. रामलिंगप्पा लामतुरे हे तेरचेच. शेतात, पांढरीच्या मातीत सापडणाऱ्या मातीच्या मूर्ती, मणी, शंखाच्या बांगड्या, नाणी त्यांनी गोळा केल्या. लोकांना ती खापरं वाटत होती, त्यांना त्यात तगर दिसत होतं. हजारो वस्तू जमल्या. १९५८ मध्ये चापेकरांनी तिथं उत्खनन केलं. आज संग्रहालय राज्य शासनाकडं आहे. म्हणजे ते आपलं, जनतेचं आहे.

माझं मागणं मोठं नाही. पाच मुद्दे मांडतो.

एक. सगळ्या हजारो वस्तू नकोत. निवडक पंचवीस वस्तू घ्या. हस्तिदंती मूर्ती, मातीच्या मूर्ती, दिवे, नाण्यांचे ठसे. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली त्यांचं सगळ्या बाजूंनी चित्रण करा. पुण्याच्या सी-डॅकनं संग्रहालयांसाठी 'जतन' नावाचं सॉफ्टवेअर आधीच केलेलं आहे. म्हणजे शासनाला नव्यानं चाक शोधायचं नाही.

दोन. फाईल हलकी ठेवा. महागड्या फोनवरच चालेल असं काही करू नका. ऑगमेंटेड रिअॅलिटी सगळ्या फोनवर चालत नाही. पण पडद्यावर बोटानं वस्तू फिरवणं साध्या फोनवरही होतं. आधी ते द्या, जमिनीवर उभी करणं नंतर. शेतात गेलेल्या बापाचा फोन संध्याकाळी तासभर पोराच्या हातात येतो. त्या तासात जे उघडेल तेच खरं.

तीन. माहिती मराठीत द्या, आणि आमच्या पोरांना कळेल अशा मराठीत. 'सातवाहनकालीन मृण्मय शिल्प' एवढंच लिहून भागत नाही. ही बाहुली कुणी केली असेल, साचा कसा असेल, भट्टी कशी असेल, हे सांगा. कुंभाराच्या पोराला त्यात आपला आजा दिसला पाहिजे.

चार. हे काम कुठल्या कंपनीच्या मर्जीवर ठेवू नका. गुगलनं 'पोली' नावाचं अशा वस्तूंचं कोठार उघडलं होतं आणि शाळांसाठी 'एक्सपिडिशन्स' पण केलं होतं. दोन्ही ३० जून २०२१ ला बंद झाली. कंपनीला परवडलं नाही की ती दुकान गुंडाळते, त्यात नवल नाही. म्हणून मूळ फाईल शासनाकडं, संग्रहालयाकडं, खुल्या स्वरूपात पाहिजे. वर सांगितलं ना, कातो-बिलिंगहर्स्ट यांचं सॉफ्टवेअर खुलं झालं म्हणून जगभर पसरलं.

पाच. आपल्याच तालुक्यातला नळदुर्ग घ्या. बोरी नदीवरचा बंधारा आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल, आदिलशाही काळातलं ते बांधकाम. पावसाळ्यात नर-मादी धबधबे वाहायला लागले की आपण सगळे गर्दी करतो, सेल्फी काढतो. पण अंगावरून एवढं पाणी जात असताना आतला महाल कोरडा कसा राहतो, हे किती जणांना कळतं? तिथं फोन धरला आणि बंधारा मधून कापल्यासारखा दिसला, तर दहावीच्या पोराला त्यात इतिहास पण कळेल आणि इंजिनिअरिंग पण. ऑगमेंटेड रिअॅलिटीचा खरा उपयोग अशा ठिकाणी आहे, जे आहे पण दिसत नाही ते दाखवायला.

शंका येणार, त्यांचं काय?

कुणी म्हणेल, मोबाईलवर दिसलं तर तेरला कोण जाईल? मला उलट वाटतं. तुळजाभवानीचा फोटो घराघरात आहे, म्हणून नवरात्रात आणि कोजागिरीला सोलापूरहून तामलवाडीमार्गे चालत जाणारी गर्दी कमी झाली का? ज्याची ओळख आहे त्याच्याच दारात माणूस जातो. तेरची ओळखच करून दिली नाही, म्हणून गाड्या तुळजापूरवरून परस्पर माघारी जातात.

कुणी म्हणेल, पोरं आधीच मोबाईलनं बिघडली आहेत. शंका खरी आहे, टाळण्यासारखी नाही. म्हणून तर गुरुजी पाहिजेत. एका वर्गात एक फोन, गुरुजींच्या हातात, पोरं भोवती. आणि त्याच तासाला मातीचा गोळा पण द्या. पडद्यावर बघितलेली बाहुली हातानं करून बघू द्या. डोळ्यांनी फिरवलेली वस्तू बोटांना कळली पाहिजे, नाहीतर तो नुसता वाघ होईल, पंधरा दिवसांचा.

कुणी म्हणेल, शाळेला पत्रे नाहीत, शिक्षकांची पदं रिकामी, आणि हे काय मूर्ती फिरवत बसलेत? हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. पत्रे आधी, शिक्षक आधी, यात वाद नाही. या कामाच्या नावाखाली लाखांचे चकचकीत संच घ्यायचे, फीत कापायची आणि खोलीला कुलूप लावायचं, हे होणार असेल तर नकोच. पण पंचवीस वस्तूंचं नीट चित्रण करायला इमारत लागत नाही, उद्घाटन लागत नाही. कॅमेरा, उजेड, जाणता माणूस आणि परवानगी लागते. परवानगीच मिळत नाही, ही खरी अडचण असते.

सदरलँडनं छताला टांगलेल्या यंत्रातून रेघांचा ठोकळा दाखवला, त्याला पन्नासहून जास्त वर्षं झाली. एवढ्या काळात ते यंत्र छतावरून खिशात आलं. तगरचा माल दोन हजार वर्षांपूर्वी जहाजानं पश्चिमेकडं गेला, तेव्हा ना रस्ता होता ना नेटवर्क. आता दोन्ही आहेत. तरी तेरची बाहुली तामलवाडीच्या शाळेपर्यंत पोचत नाही.

आपल्या ग्रामसभेत, शाळा व्यवस्थापन समितीत हा विषय काढा. लोकप्रतिनिधी भेटले की विचारा. येती सहल महाबळेश्वरला काढण्याऐवजी तेर-नळदुर्गला काढा, असं गुरुजींना सांगा. आणि घरात जुनं जातं, नक्षीची चौकट, आजीची फिरकीची तांब्या-पितळेची भांडी असतील, तर मोडीत घालण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा.

पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तर खाली लिहा, बोलू.

जय भवानी.